मीरा-भाईंदरमध्ये माणसं दाटीवाटीने राहतात, शिकलेलीही आहेत. मग कमाई चर्चगेटच्या लोकलने का निघून जाते?

जुलै २०२५ मध्ये आठवडाभर तरी मीरा-भाईंदर तुमच्या फीडवर होतं. मराठी-हिंदीचा वाद, आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग मराठीसाठीचा मोर्चा, त्यावर चॅनेलवरच्या चर्चा. मग मोर्चे संपले आणि रील्स पुढे सरकल्या. या सगळ्यात या शहराबद्दलचा एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि एरवीही कुणी विचारत नाही. इथे राहणारे एवढे लोक काम कुठे करतात?

उत्तर बघायचं असेल तर सकाळी पावणेआठला भाईंदर स्टेशनवर उभे राहा. मी मीरा रोडला राहते, त्यामुळे हे दृश्य माझ्या रोजच्या ओळखीचं आहे. काही जण मीरा रोडहून उलटे भाईंदरला येतात, कारण इथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला तरी मिळतं. म्हणजे दक्षिणेला जायचं आहे, म्हणून आधी उत्तरेला जायचं. सुमारे ४३ किलोमीटरवर चर्चगेट. मधे मालाड, अंधेरी, वांद्रे, दादर, लोअर परळ. पगार तिकडे आणि बिछाना इकडे.

अर्थशास्त्रात एक सिद्धांत गेली शंभरेक वर्षं टिकून आहे. माणसं आणि धंदे जवळजवळ आले की प्रत्येकाची उत्पादकता वाढते, आणि त्यातली माणसं शिकलेली असतील तर आणखी वाढते. मीरा-भाईंदरकडे दाटी आहे आणि शिक्षणही आहे. तरी हे शहर त्याच्या शेजाऱ्याचं झोपायचं घर राहिलं. असं का झालं, ते समजून घेऊ.

दाटी मोजायची कशी?

आधी 'उत्पादकता' हा शब्द सोपा करू. एका माणसाने एका दिवसात किती मूल्य तयार केलं, एवढाच त्याचा अर्थ. जास्त घाम गाळला म्हणजे उत्पादकता जास्त, असं नाही. तोच टेलर तोच ब्लाउज हातशिलाईऐवजी मशीनवर शिवतो तेव्हा घाम कमी गळतो आणि मूल्य जास्त तयार होतं.

जवळ आल्याने हे मूल्य का वाढतं? इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये याची तीन कारणं सांगितली होती आणि ती आजही शिकवली जातात. एकाच धंद्यातले लोक एकत्र आले की कामगाराला काम आणि मालकाला कामगार पटकन मिळतो. कच्चा माल, दुरुस्ती, वाहतूक करणारे आपसूक आसपास दुकान टाकतात. आणि तिसरं म्हणजे एकाने काढलेली युक्ती आठवडाभरात सगळ्या गल्लीला कळते. झवेरी बाजार का चालतो, क्रॉफर्ड मार्केट का चालतं, याचं उत्तर यातच आहे.

हे नुसतं म्हणायला नाही, मोजलंही गेलंय. अँतोनियो चिकोने आणि रॉबर्ट हॉल या अर्थतज्ज्ञांनी १९९६ मध्ये अमेरिकेचा हिशोब मांडला. एखाद्या भागात रोजगाराची दाटी दुप्पट झाली, तर तिथल्या कामगाराची उत्पादकता सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास वाढते, असं त्यांना दिसलं. ६ टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण दाटी दहापट, वीसपट होते तेव्हा हे टक्के एकावर एक चढत जातात.

आता वरच्या वाक्यातला एक शब्द पुन्हा वाचा: 'रोजगाराची' दाटी. किती लोक झोपतात, ते त्यांनी मोजलं नव्हतं. किती लोक काम करतात, ते मोजलं होतं. आपल्याकडे शहराच्या दाटीची चर्चा होते ती नेहमी लोकसंख्येच्या आकड्यावरून. मीरा-भाईंदरची गोष्ट या एका फरकावर उभी आहे.

वीस वर्षांत साडेचारपट माणसं

मीरा, भाईंदर, नवघर अशा ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली. २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका झाली. त्याआधी इथे आगरी-कोळी आणि ख्रिस्ती वस्त्यांची गावं, खाडीकाठची मिठागरं आणि उत्तनची मासेमारी. उत्तन, पाली, चौक या पट्ट्यात ते जुनं मीरा-भाईंदर आजही दिसतं. रविवारी फोटो काढायला मुंबईकर तिकडे येतात तेव्हा 'हे मुंबईच्या इतक्या जवळ आहे?' असं हमखास म्हणतात.

१९९१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती पावणेदोन लाख. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजार झाली. दहा वर्षांत जवळपास तिप्पट. २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची २०२७ मध्ये आहे, त्यामुळे अधिकृत आकडा आजही २०११ चाच धरावा लागतो. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं की तो किती जुना झालाय ते कळतं.

आलेली माणसं कारखान्यांच्या ओढीने आली नव्हती. ती घराच्या भावाने ढकलली गेली होती. गिरणगावात १९८२ च्या संपानंतर कामं गेली, मुंबईत चाळी पडून टॉवर झाले, मुलाचं लग्न झालं आणि दहा बाय बाराची खोली पुरेना. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लीम कुटुंबं मीरा रोडला आली. राजस्थानी आणि गुजराती कुटुंबं भाईंदरला आली. दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे तेवढ्याच पैशात एक खोली जास्त मिळते, हे गणित सगळ्यांसाठी सारखं होतं.

शहराचं क्षेत्रफळ साधारण ७९ चौरस किलोमीटर. २०११ च्या आकड्याने भागलं तर दर चौरस किलोमीटरला सव्वादहा हजार माणसं. मुंबईची दाटी तेव्हा वीस हजारांच्या पुढे होती. म्हणजे कागदावर मीरा-भाईंदर मुंबईच्या निम्म्यावर. पण या ७९ मध्ये मिठागरं, खारफुटी, डोंगर आणि जंगलही आहे. माणसं राहतात तो तुकडा छोटा आहे, आणि भाईंदर पूर्वेच्या गल्ल्यांत चालताना निम्मं वगैरे काही वाटत नाही.

शिक्षणाचं काय? २०११ ला इथे दर दहापैकी नऊ माणसं साक्षर होती. आज मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं शहरात आहेत, इंजिनीअरिंग कॉलेज आहे, आणि क्लासेस तर दर इमारतीच्या तळमजल्यावर आहेत.

म्हणजे दाटी आहे, शिक्षण आहे. या दोन्हींची भेट होण्याची जागा मात्र शहरात नाही. ती भेट अंधेरी-मालाडच्या ऑफिसांत होते.

आणि याचा हिशोब कुठे दिसत नाही. महाराष्ट्र सरकार उत्पन्नाचे आकडे जिल्ह्यावार देतं आणि मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आहे. उत्पादन जिथे झालं तिथे ते मोजलं जातं. भाईंदरच्या माणसाने वांद्र्याच्या ऑफिसात तयार केलेलं मूल्य मुंबईच्या खात्यात जातं. भाईंदरच्या खात्यात येतो त्याचा घरहप्ता, किराणा आणि पोरांच्या ट्यूशनची फी.

लोकल बंद पडली तेव्हा

मुंबई महानगर सगळं एकच शहर आहे, घर एकीकडे आणि ऑफिस दुसरीकडे असलं म्हणून काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. मुद्दा रास्त आहे. अर्थतज्ज्ञही हेच म्हणतात की दाटी पालिकेच्या हद्दीने मोजू नये. घरातून निघून तासाभरात किती नोकऱ्यांपर्यंत पोचता येतं, त्यावरून मोजावी. त्या हिशोबाने लोकल ट्रेन हे मीरा-भाईंदरचं सगळ्यात मोठं यंत्र आहे. ती आहे म्हणून इथल्या डिग्रीला किंमत आहे.

मार्च २०२० मध्ये हे यंत्र बंद पडलं. जूनमध्ये लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. सर्वसामान्यांना प्रवेश मिळाला १ फेब्रुवारी २०२१ ला, तोही ठरलेल्या वेळेतच. दुसरी लाट आली आणि पुन्हा दारं बंद. शेवटी १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना प्रवास करता आला. या सुमारे दीड वर्षात शहरातली माणसं तीच होती, त्यांच्या डिग्र्या त्याच होत्या, दाटीही तीच. ज्यांचं काम लॅपटॉपवर होतं ते घरून करत राहिले. बाकीच्यांनी दहिसर चेकनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तास काढले, किंवा नोकरी सोडली. दाटी आणि शिक्षण स्वतःहून काही पिकवत नाही, त्यांना जोडणारा रूळ लागतो, हे सांगायला त्यानंतर कुठल्या संशोधनाची गरज उरली नाही.

आणि रूळ असला तरी तो फुकट नाही. जायला दीड तास, यायला दीड तास धरा. घर ते स्टेशन रिक्षा, पूल, प्लॅटफॉर्म, उतरल्यावर शेअर टॅक्सी, सगळं मिळून. महिन्याला २५ दिवस म्हणजे ७५ तास. वर्षाला ९०० तास. आठ तासांची पाळी धरली तर ११२ दिवस. या ११२ दिवसांचा पगार नाही, आणि त्यात नवीन काही शिकताही येत नाही, कारण एका पायावर उभं राहून पुस्तक उघडता येत नाही. दाटीमुळे वाढलेल्या उत्पादकतेतून हे तास वजा करायला हवेत. कुठल्याच अहवालात ते वजा केलेले मला दिसत नाहीत.

याचा सगळ्यात मोठा फटका कुणाला बसतो? ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी महिलांची खास लोकल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत गेली. तेव्हाच रेल्वेने एक प्रकारे मान्य केलं होतं की या पट्ट्यातल्या शिकलेल्या बायका नोकरीसाठी दूर जातात. पण मूल झालं, सासूबाई आजारी पडल्या, की तीन तासांचा प्रवास सर्वात आधी बाईच्या वेळापत्रकातून कापला जातो. नोकरी सुटते. मग ती घरी ट्यूशन घेते, मेंदीचे कोन बनवते, इन्स्टाग्रामवर साड्या विकते. एमकॉम झालेली बाई चौथीच्या पोरांचा गृहपाठ घेते तेव्हा तिची डिग्री वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण त्या डिग्रीतून जे मूल्य तयार होऊ शकत होतं ते झालं नाही, एवढं नक्की.

शहरातच काम आहे, तिथे काय होतं?

मीरा-भाईंदर नुसतं झोपायचं शहर आहे असं म्हणणं भाईंदर पूर्वेवर अन्याय होईल. तिथे औद्योगिक वसाहती आहेत आणि त्यांची ओळख आहे स्टीलची भांडी. तुमच्या घरातला डबा, वाटी, पातेलं कदाचित इथल्याच एखाद्या गाळ्यातून आलं असेल.

मार्शल यांची तीन कारणं प्रत्यक्ष बघायची असतील तर इथे या. स्टीलच्या पत्र्यातून गोल चकत्या कापायच्या, प्रेसवर दाबून त्यांना आकार द्यायचा, कडा छाटायच्या, पॉलिश करायचं, पॅक करायचं. ही सगळी कामं एकाच छताखाली होतात असं नाही. एका गाळ्यातला माल पुढच्या कामासाठी दुसऱ्या गाळ्यात जातो. त्यामुळे छोट्या मालकाला सगळी मशिनरी विकत घ्यावी लागत नाही. डाय बिघडली तर दुरुस्त करणारा दोन गल्ल्या सोडून सापडतो. कामगार नवा असेल तर शेजारच्याकडे बघून शिकतो. ही आहे खरी रोजगाराची दाटी.

पण इथे दुसरी बाजू लंगडी आहे. पॉलिशच्या गाळ्यात काम करणारा माणूस बहुतेक वेळा गावाकडच्या ओळखीने आलेला असतो. मोबदला बऱ्याचदा नगावर. शिकणं होतं ते हाताचं. काळी धूळ, आवाज आणि मशीनखाली सापडणारी बोटं हीसुद्धा त्या शिकण्याची किंमत. गाळा वीस वर्षांनीही गाळाच राहतो.

हे फक्त भाईंदरचं नाही. चँग-ताई श्ये आणि पीटर क्लेनो यांनी २०१४ मध्ये कारखान्यांच्या वयाचा आणि आकाराचा अभ्यास मांडला. अमेरिकेत ४० वर्षं टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सात पटीहून जास्त माणसांना काम देतो. भारतात तेवढ्याच वर्षांत तो जेमतेम दुप्पट होतो. आपले धंदे मरत नाहीत आणि वाढतही नाहीत.

का वाढत नाहीत? याचं एक उत्तर याच रेल्वेमार्गावर, तासाभराच्या अंतरावर मिळालं.

तारापूरचा प्रयोग

पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतलं उंबरगाव इथल्या कापड कारखान्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास जगभरात शिकवला जातो, पण तारापूरच्या बाहेर महाराष्ट्रात त्याची फारशी चर्चा झालेली नाही.

प्रयोग सरळ होता. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचे सल्लागार फुकट दिले, काहींना फक्त तपासणीपुरते. सल्लागारांनी नवी मशिनरी आणली नाही. त्यांनी सांगितलं की दोष कुठे आणि किती निघतात त्याची रोज नोंद ठेवा, मशीन बंद पडायच्या आधी तपासा, सूत कुठल्या रॅकवर कुठलं ते लिहून ठेवा, आणि कामगिरी चांगली असेल तर बक्षीस द्या. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

आता गंमत बघा. ज्या गोष्टींनी १७ टक्के वाढ झाली त्या मालकांनी आधी का केल्या नाहीत? काही गोष्टी त्यांना ठाऊकच नव्हत्या, काही 'आपल्याकडे चालत नाहीत' असं वाटत होतं. आणखी एक गोष्ट संशोधकांना दिसली. कंपनी किती मोठी होणार हे ठरत होतं मालकाच्या घरात पुरुष किती आहेत त्यावर. दोन भाऊ, तीन मुलगे असतील तर तेवढे कारखाने. बाहेरच्या माणसाच्या हातात तिजोरीची किल्ली द्यायला कुणी तयार नव्हतं.

आता हे भाईंदरला लावून बघा. मीरा रोडच्या टॉवरमध्ये राहणारी, अकाउंट्स आणि व्यवस्थापन शिकलेली मुलगी रोज अंधेरीला जाऊन कुठल्यातरी बहुराष्ट्रीय कंपनीसाठी एक्सेलच्या शीट भरते. तिच्या घरापासून पाच किलोमीटरवरच्या गाळ्यात दोषांची नोंद वहीतही होत नाही. दोघांची गाठ पडत नाही. मालकाला तिचा पगार परवडत नाही आणि तिच्यावर भरवसाही नाही. तिला त्या गाळ्यात काम करायचं नाही, आणि तिथली धूळ आणि स्वच्छतागृह बघितलं तर तिला कुणी दोष देऊ नये. शहर तेच, दाटीही तीच, तरी शिक्षण आणि उद्योग एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.

शिकलेल्या शेजाऱ्याचा फायदा अडाण्याला कसा होतो?

एन्रिको मोरेटी यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या शहरांबद्दल दाखवलं की शहरात पदवीधरांचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं तर शाळा अर्धवट सोडलेल्यांचा पगार १.९ टक्क्यांनी वाढतो. पदवीधरांचा स्वतःचा वाढतो फक्त ०.४ टक्के. म्हणजे शेजारी शिकलेला असण्याचा जास्त फायदा न शिकलेल्याला. कारण शिकलेला माणूस नवा धंदा काढतो, नवं तंत्र आणतो, आणि त्याला हाताखाली माणसं लागतात.

गरीब देशांत हे लागू होतं का? एडवर्ड ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ब्राझील, चीन, भारत आणि अमेरिका यांची तुलना केली. दाटी आणि कमाई यांचा संबंध भारत आणि चीनमध्ये अमेरिकेपेक्षाही घट्ट निघाला. भागातलं शिक्षण आणि कमाई यांचं नातंही विकसनशील देशांत जास्त मजबूत होतं. म्हणजे दाटी आणि शिक्षणाची गरज आपल्याला जास्त आहे आणि फायदाही जास्त आहे. पण त्याच अभ्यासात भारताचे आकडे एका बाबतीत सतत विचित्र निघत होते. जिथे कमाई जास्त तिथे माणसं सरकतील, आणि सरकून सरकून फायदा समान होईल, असं पुस्तक सांगतं. भारतात तसं होत नाही. घर परवडत नाही, ओळख नाही, नातेवाईक नाहीत. माणूस नोकरीजवळ राहायला जात नाही. तो मीरा रोडला राहतो आणि लोकल पकडतो.

आणि शिक्षणालाच मागणी नसेल तर? आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ च्या अहवालात २०२२ चे आकडे आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के. पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडत नाही म्हणून त्याचा आकडा कमी आहे, हे खरं. पण पदवीधराचा आकडा घाबरवणाराच आहे.

या आकड्याचा मीरा रोडमधला चेहरा ऑक्टोबर २०१६ मध्ये दिसला. ४ तारखेच्या रात्री ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरवर छापे टाकले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जायचे, 'आम्ही तुमच्या आयकर खात्यातून बोलतोय, कर थकलाय, आत्ता भरा नाहीतर अटक होईल.' सातशेहून जास्त तरुणांना ताब्यात घेऊन चौकशी झाली, ७० जणांना अटक झाली. जगभर बातमी झाली आणि मीरा रोडचं नाव अमेरिकी वर्तमानपत्रांत आलं.

गुन्हा तो गुन्हाच. म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची बचत लुटली गेली, त्याला कुठलंही अर्थशास्त्र माफी देत नाही. पण पत्रकार म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या गुन्ह्यासाठी काय लागलं? इंग्रजी बोलता येणारी, रात्री जागायला तयार, घरापासून जवळ काम शोधणारी शेकडो तरुण मुलं, आणि ती एका फोनवर जमणारी. म्हणजे दाटी आणि शिक्षण. कायदेशीर कंपन्यांनी मालाडमध्ये ऑफिसं थाटली आणि मीरा रोडला आल्या नाहीत. दाटी आणि शिक्षण एकत्र आल्याचा फायदा जो ओळखेल त्याला तो मिळतो, आणि इथे तो ठगांनी आधी ओळखला.

कुठल्या माध्यमाचं शिक्षण?

भाषेच्या वादाने सुरुवात केली होती, तर एक अभ्यास दादरचाही सांगते. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २००६ मध्ये दादर भागातल्या शाळांमध्ये शिकलेल्या मुलांचा वीस वर्षांचा मागोवा घेतला. नव्वदच्या दशकात इंग्रजी येणाऱ्यांच्या पांढरपेशा नोकऱ्यांचे पगार झपाट्याने वाढले. तरीही कष्टकरी, खालच्या मानल्या गेलेल्या जातींमधली मुलं मराठी माध्यमातच जात राहिली. कारण जातीच्या ओळखीने मिळणारी गिरणी, गोदी, कारखान्यातली कामं त्या वाटेने मिळायची. मुलींना त्या ओळखींचा कधीच उपयोग नव्हता. म्हणून त्याच घरांतल्या मुली भराभर इंग्रजी शाळांत गेल्या.

या अभ्यासाचा वापर कुणी मराठी शाळांविरुद्ध करत असेल तर तो चुकीचा आहे. शाळेची भाषा तेव्हा नोकरीच्या जाळ्याची भाषा होती, एवढाच त्याचा अर्थ. मीरा-भाईंदरमध्ये आजही तसंच आहे. स्टीलच्या गाळ्याची, बांधकामाची, सराफीची, मासळीची जाळी वेगवेगळी, आणि प्रत्येक जाळ्याची भाषा वेगळी. माणसं एकाच इमारतीत राहतात पण काम एकमेकांकडून मिळत नाही. मार्शल यांनी सांगितलेली ती तिसरी गोष्ट, एकाची युक्ती दुसऱ्याला कळण्याची, अशा शहरात जिन्यावरच अडते.

आता पुढे काय?

नीती आयोगाने २०२४ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी आर्थिक आराखडा मांडला. १४० अब्ज डॉलरची ही अर्थव्यवस्था २०३० पर्यंत ३०० अब्जांवर न्यायचं उद्दिष्ट आहे. या प्रदेशात नऊ महापालिका आहेत, त्यातली एक मीरा-भाईंदर.

शहरात सगळ्यांची नजर मेट्रोवर आहे. दहिसर पूर्वेहून काशीगाव आणि पुढे भाईंदर पश्चिमेच्या सुभाषचंद्र बोस मैदानापर्यंत जाणारी मेट्रो ९. काशीगावपर्यंतच्या टप्प्याची चाचणी मे २०२५ मध्ये झाली. दहिसर-भाईंदर जोडरस्त्याचंही नियोजन आहे. मला मेट्रो हवीच आहे, रोज ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्या कुणालाही ती हवी असेल. पण जोडणी दोन्ही बाजूंना काम करते. अंधेरी जवळ आली की इथल्या घरांचे भाव वाढतात. भाव वाढले की बिल्डर गाळ्याच्या मालकाला विचारतो, विकता का? भांड्यांमधून वीस वर्षांत मिळणार नाही तेवढी रक्कम एका सहीत मिळत असेल तर मालक काय करेल? गाळा वसई किंवा त्याच्याही पलीकडे जातो, त्याच्या जागी टॉवर उभा राहतो, आणि झोपणाऱ्यांची दाटी आणखी वाढते.

त्यामुळे विकास आराखड्याची चर्चा होते तेव्हा बाग आणि क्रीडांगणाच्या आरक्षणाबरोबर औद्योगिक पट्ट्याचा रंगही नकाशावर बघा. तो किती उरलाय, त्यात ऑफिसांना जागा आहे का, गाळ्यांना धूर-धुळीचे नियम पाळून वर चढता येईल अशी बहुमजली सोय आहे का. हरकती-सूचनांची मुदत असते आणि सामान्य नागरिकालाही हरकत घेता येते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा फक्त जमीनमालक घेतात.

मेट्रो पूर्ण सुरू झाल्यावर मी एक गोष्ट बघणार आहे. सकाळी नऊ वाजता दहिसरकडे जाणारे डबे भरलेले असतील, त्यात बातमी नाही. त्याच वेळी दहिसरहून काशीगावकडे येणाऱ्या डब्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली किती माणसं बसलेली असतील, ते मोजायचं आहे.